सुकाणूचा दुसरा अर्थ

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत ‘स’ हे अक्षर काही केल्या संपत नव्हतं.

आता ‘स’ हे मुळातच लबाड अक्षर. ‘सं’, ‘सह’, ‘सु’, ‘स्व’ अशी सगळी मंडळी त्याच्या घरात बिनभाड्याने राहतात आणि एकेकाचा गोतावळा दारापर्यंत. तरी आम्ही ते उपसून काढलं होतं. कार्डं तपासून, सह्या होऊन जुळाऱ्याकडे गेली होती. (आमचा जुळारी आता संगणकावर बसतो, पण खिळे जुळवायच्या काळापासूनचा म्हणून अजून जुळारीच.) राहिलं होतं एकच कार्ड: सुकाणू. तेसुद्धा अख्खं नाही. पहिला अर्थ, नाव वळवण्याचं साधन, लिहून झाला होता. दुसरा अर्थ लाक्षणिक: सत्ता, सूत्रं, कारभाराची दिशा. तोही झाला होता. अडलं होतं फक्त दुसऱ्या अर्थाच्या उदाहरणावर. एक वाक्य हवं होतं.

एका वाक्यावाचून कोणाचं काय अडावं? पण बाईंचं सगळंच अडलं होतं.

बाई म्हणजे आमच्या उपसंपादक. त्यांच्या वर मुख्य संपादक, ज्यांना आम्ही तोंडावर ‘साहेब’ आणि मागे ‘अर्धविराम’ म्हणायचो, कारण ते थांबले असं वाटायचं, पण थांबायचे नाहीत. विश्वस्तांनी त्यांना सांगून टाकलं होतं की ‘स’ पुरा झाला की आपण विश्रांती घ्यावी. ‘ह’ बाई बघतील. बाईंनाही पुढच्या वर्षी वयाची अट लागणार होती. मुख्य संपादकाला मात्र ती अट नव्हती, तो हातातलं अक्षर संपेपर्यंत खुर्चीत. म्हणजे साहेबांनी आणखी थोडं ताणलं की बाई जन्मभर दुसऱ्याच्या वाक्यांखाली सही करून उपसंपादक म्हणूनच घरी जाणार. हे साहेबांना ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या टायरवाल्यालाही ठाऊक होतं. तो जिन्यात भेटला की विचारायचा, “सुटलं का तुमचं सुकाणू?”

मी व्युत्पत्ती बघतो. शब्द कुठून आला एवढंच सांगायचं. कुठे चाललाय याची जबाबदारी माझ्यावर नाही. त्यामुळे माझं कोणाशी वाकडं नाही. पण प्रत्येक कार्डावर तीन सह्या लागतात, साहेबांची, बाईंची आणि माझी, त्यामुळे दोन्ही बाजूंची वाक्यं माझ्याच टेबलावरून जात.

आमच्या कचेरीची एक रीत सांगायला हवी. इथे कोणी कोणाशी भांडत नाही. सभ्य माणसं आहोत. जे काय म्हणायचं ते आम्ही उदाहरणाच्या वाक्यात म्हणतो. ज्या वर्षी बाईंना खिडकी उघडी हवी होती आणि साहेबांना बंद, त्या वर्षी ‘खिडकी’खाली छापून आलं: ‘काहींना शुद्ध हवेचे वावडे असते.’ त्याचं उत्तर ‘गारठा’पर्यंत थांबलं: ‘दुसऱ्याच्या हौसेपायी साऱ्यांना गारठ्यात बसावे लागते.’ बाहेर कोणाला पत्ता नाही. उलट एका समीक्षकाने लिहिलं की या कोशाच्या उदाहरणांना जीवनाची धग आहे.

तर सुकाणूच्या कार्डावर बाईंनी पहिलं वाक्य लिहिलं: ‘सुकाणू कधी सोडावे हे ज्याला कळते तोच खरा नावाडी.’

साहेबांनी लाल शाईने आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: ‘नावेत बसायला मिळाले की काहींना सुकाणूची स्वप्ने पडू लागतात.’

बाईंनी सही केली नाही. कार्ड माझ्याकडून परत गेलं: ‘सुकाणू धरून झोपणाऱ्याची नाव पाण्याच्या मर्जीने जाते.’

“झोपणाऱ्याची?” साहेबांनी कपाटांच्या आडून विचारलं. आमच्याकडे भिंत नाही, मधे कपाटं उभी केलीत. “बाई, उदाहरण असं हवं की कोणालाही लागू पडेल.”

“पडतंय की, साहेब.”

“एकालाच पडतंय.”

“तुम्हाला असं वाटलं? मला तर कोणीच डोळ्यासमोर नव्हतं.”

शेवटी मला सांगण्यात आलं की तुम्ही तटस्थ आहात, तुम्हीच लिहा. मी अगदी वर्तमानपत्री लिहिलं: ‘राज्याचे सुकाणू त्यांच्या हाती आले.’ याच्याइतकं निरुपद्रवी वाक्य मला आयुष्यात सुचलं नव्हतं.

“आलं म्हणजे?” साहेब म्हणाले. “आधी कोणाच्या हातात होतं? त्याचं काय झालं? त्याला विचारलं होतं का?”

“आणि ‘आले’ काय?” बाई म्हणाल्या. “आपोआप चालत आलं? काही वर्षं घासली नव्हती का कोणी त्यासाठी?”

जुळाऱ्याने पलीकडून सुचवलं, “‘सुकाणू मोडले’ असं टाकू का? आटोपशीर आहे.”

त्याच्याकडे दोघांनीही असं पाहिलं की तो दुपारभर ‘स्वयंपाक’चं प्रूफ वाचत बसला.

यात आणखी एक पक्ष होता, तो कचेरीत दिसत नसे. एक दिवस बाईंना साहेबांच्या घरून फोन आला. वहिनी बोलत होत्या. बाईंनी फोन जरा लांब धरला होता, की वहिनींचा आवाजच मोठा होता, कोण जाणे. मला सगळं ऐकू आलं.

“बाई, हात जोडते तुम्हाला. त्यांना एवढ्यात घरी पाठवू नका हो.”

“मी कोण पाठवणार, वहिनी?”

“मला सगळं कळतं. पण रविवार रविवार आहेत तेवढे पुरेत मला. परवा मी म्हटलं, भाजीत मीठ थोडं जास्त झालंय. तर म्हणाले, ‘थोडं’ आणि ‘जास्त’ एका वाक्यात नांदत नाहीत. दुपारी चारपर्यंत तेच! मीठ राहिलं बाजूला. हे रोज व्हायला लागलं तर मी माहेरी जाईन, आणि या वयात मला माहेर कुठलं?”

“आणि माझं काय, वहिनी?”

“तुम्ही हुशार आहात, तुम्हाला सुचेल काहीतरी. मला नवरा एकच आहे, तो कुठे ठेवू?”

बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसल्या. पेन्सिल संपत आली.

साहेबांना मात्र दुसऱ्याच दिवशी सुचलं. “बाई, आपण दुसऱ्या अर्थावर भांडतोय, पण पहिला तरी आपण पाहिलाय का?”

हा जुना पेच होता. विश्वस्तांचे वडील या कोशाचे संस्थापक. रंगाच्या कारखान्यात पैसा मिळाला आणि कुठल्याशा उत्साहाच्या भरात त्यांनी कोश काढला. त्यांनी नियम घालून ठेवला होता की वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वस्तूचा शब्द मंजूर करायचा नाही. नियम चांगला आहे. पण साहेबांच्या हातात कुठलाही चांगला नियम दिला की त्याचं भिजत घोंगडं होतं. ‘सिंह’साठी आम्ही प्राणिसंग्रहालयात तीनदा गेलो, कारण पहिल्या दोन्ही वेळी सिंह झोपला होता आणि साहेबांच्या मते झोपलेला सिंह हा पुरावा अपुरा. ‘साप’ मात्र सगळ्यांनी लांबूनच आणि ताबडतोब मंजूर केला.

“अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “शनिवारी सकाळी धक्क्यावरून फेरीची बोट सुटते. तिकिटं काढलीत. वहिनीही येतायत.”

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांचा हिशोब होता की बोटीची चौकशी, तिचं नियोजन, तिच्यावरची चर्चा यात एक हंगाम सहज जाईल. त्यांनी एवढंच विचारलं, “टोपी लागेल का?”

टोपी तिथेच मिळाली. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला नाववाला धक्क्यावरच उभा होता आणि त्याने माणूस पारखण्यात हयात घालवली असावी. माझ्याकडे पाहिलंही नाही, जुळाऱ्याला म्हणाला “सांभाळून”, आणि साहेबांना बघताच पांढरी, सोनेरी काठाची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. “या कप्तान, पुढे या. तुमची जागा तिकडे.”

पुढे, बोटीच्या अगदी नाकावर, छताच्या सावलीत, एक भलंमोठं लाकडी चाक होतं. पॉलिश असं की तोंड बघून भांग पाडावा. साहेबांनी ते सगळ्या बाजूंनी न्याहाळलं.

“काटेकोरपणे बोलायचं तर हे सुकाणू नव्हे,” ते म्हणाले. “सुकाणू पाण्याखाली असतं. हे ते फिरवण्याचं चाक.”

“काटेकोर तर काटेकोर,” नाववाला म्हणाला. “धरा. घाबरू नका. मी आहे ना!”

साहेबांनी चाक धरलं. इंजिन फटफटलं, बोट धक्क्यापासून सुटली. “जरा डावीकडे घ्या, कप्तान. हां! शाबास! काय हात बसलाय! आधी कुठं चालवायचात?”

“कोश चालवतो,” साहेब म्हणाले.

“तरीच!”

वहिनी फोटो काढत होत्या. मधूनच माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “इतकं गप्प मी यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तिथे त्यांनी मंगलाष्टकातली चूक काढली होती.”

बाई कुठे दिसेनात. मी मागे गेलो. तिथे इंजिनाशेजारी नाववाल्याची भावजय बसली होती, मांडीवर परात घेऊन मटार सोलत. तिचा एक पाय पुढे लांब केलेला होता आणि तो एका लोखंडी दांड्यावर टेकला होता. तिने पाय जरा दाबला की बोट वळायची. पुढून नाववाल्याचा आवाज यायचा, “वा कप्तान!” बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या.

“ते पुढचं चाक कशाला जोडलंय हो?” बाईंनी विचारलं.

“फोटोला.”

“म्हणजे?”

“म्हणजे कशालाच नाही. खाली एक खिळा आहे, गरागरा फिरतं.” तिने एक शेंग फोडली. “आधी चाक नव्हतं ना, तेव्हा जो उठेल तो मागे यायचा. ‘जरा मी धरू का?’ ‘असं नव्हे, असं वळवा.’ एक जण तर दांडा सोडेचना, आमची नाव गेली चिखलात, ओहोटी होती, सगळे बसले संध्याकाळपर्यंत. मग दिरानं भंगारातून ते चाक आणलं. तेव्हापासून माझ्याकडे कोणी फिरकत नाही. तुम्हीच पहिल्या.”

“आणि चाक धरणाऱ्याला कळत नाही?”

“टोपी घातली की नाही कळत.”

बाई परातीतले मटार उचलून सोलायला लागल्या. उतरताना साहेब नाववाल्याचा हात हातात घेऊन म्हणत होते, “पुस्तकी ज्ञान वेगळं, हो. हाताला लगेच कळतं.” टोपी परत द्यायला ते विसरले. नाववाला मात्र मागायला विसरला नाही.

सोमवारी बाई मला घेऊन विश्वस्तांकडे गेल्या. ते रंगाच्या कारखान्यातच बसतात, टेबलावर छटांच्या पट्ट्या पसरलेल्या. कोशाचा खर्च ते वडिलांच्या आठवणीखातर करतात, आणि तो करताना दर वेळी वडिलांची आठवण वेगळ्या शब्दांत काढतात.

“समिती?” ते म्हणाले. “कसली समिती?”

“सुकाणू समिती. सगळ्या मोठ्या कामांना असते.”

“खर्च?”

“एक पाटी, एक शिक्का, एक टेलिफोन. खोली आहेच, न खपलेले खंड ठेवतो ती.”

“आणि ती करणार काय?”

“दिशा देणार.”

“कोणाला?”

“कोशाला.”

“कोश कुठे चाललाय?”

“तेच ना,” बाई म्हणाल्या.

विश्वस्तांनी विचार केला. “साहेब तयार होतील?”

“ते तुम्ही विनंती केलीत तर. मी सांगितलं तर नाही होणार.”

साहेबांनी विश्वस्तांची विनंती ऐकून घेतली आणि कचेरीत येऊन बाईंची उलटतपासणी सुरू केली. जणू जागा बाईच देणार होत्या.

“अध्यक्षपद किती काळ?”

“तहहयात.”

“सभासद?”

“तुम्ही नेमाल ते.”

“सध्या कोण आहे?”

“सध्या तुम्हीच.”

“म्हणजे एकमत होईल,” साहेब म्हणाले. मग जरा थांबून, “खोलीला खिडकी आहे?”

“आहे. बंद होते ती.”

साहेबांनी मान हलवली. बाईंनी सुकाणूचं कार्ड पुढे केलं. लाल, निळ्या, काळ्या रेघांनी ते इतकं माखलं होतं की बाईंना नवीन कार्ड घ्यावं लागलं होतं. त्यावर एकच वाक्य होतं: ‘सुकाणू समितीच्या अध्यक्षपदी त्यांची एकमताने निवड झाली.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं. “छान आहे,” ते म्हणाले. “कोणालाही लागणार नाही असं.” आणि लफ्फेदार सही केली. बाईंनी केली. मी केली. जुळाऱ्याने कार्ड उचललं ते पळतच नेलं, कोणाचं मन बदलायच्या आत.

‘स’ संपला. टायरवाल्याने वर चहा पाठवला.

पुढच्या आठवड्यात बाई मुख्य संपादकाच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची साहेबांच्या मापाने इतकी झिजली होती की बाई तिच्यात थोड्या डावीकडे कलत. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण खिडकी आधी उघडली. मी ‘ह’ची पहिली कार्डं घेऊन गेलो होतो, तेवढ्यात चहाचा कप घेऊन साहेब आले. नव्या खोलीतून नवी पावलं टाकत. पायात मऊ चपला होत्या, ज्या त्यांनी पूर्वी कचेरीत कधी घातल्या नव्हत्या.

“बसला का जम?” त्यांनी विचारलं.

“बसतोय. तुमच्या समितीचं काय?”

“उत्तम. सकाळी वर्तमानपत्र वाचतो. दुपारी त्यातल्या चुका काढतो. हिला घरी शांतता, मला इथे.” ते कपातला चहा ढवळत राहिले. “एक विचारू, बाई? ते चाक खोटं आहे हे मला कळलं नाही असं तुम्हाला खरंच वाटलं?”

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. मी कार्डांत डोकं घातलं.

“कुठलं चाक?”

“बोटीवरचं. अहो, मी उजवीकडे वळवलं, बोट डावीकडे गेली. नाववाला म्हणाला ‘शाबास’. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, अक्कल आहे तेवढीच आहे.”

“मग धरून का बसलात फेरी संपेपर्यंत?”

“सावली होती. फोटो येत होते. आणि बोट कुठे धडकली असती तर शिव्या मागच्या बाईला बसल्या असत्या, मला नाही.” त्यांनी घोट घेतला. “इतकी वर्षं मागे मीच बसत होतो. विश्वस्त मला फोन करायचे, वाचक मला पत्रं लिहायचे, तुम्ही मला वाक्यं लिहायचात. तुम्ही समिती काढलीत तेव्हा मनात म्हटलं, बाईंनी चाक आणलंय. धरावं. आता ‘ह’चं काय व्हायचं ते तुमच्या डोक्यावर. मी अध्यक्ष!”

बाईंचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत आलो आहे. त्यावर पराभव दिसत होता. निदान त्या क्षणी तरी मला तसं वाटलं. आपण साहेबांना हलवलं अशा समजुतीत त्या आठवडाभर होत्या, आणि इथे साहेब स्वतःहून उठले होते, पाय मोकळे करून.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. विश्वस्त होते. विश्वस्तांचा आवाज रंगाच्या कारखान्यातल्या यंत्रांवर मात करायला शिकलेला, त्यामुळे तिघांनाही ऐकू गेलं.

“बाई, ‘ह’ चालू झालं ना? मग ‘हिरवा’ येईल त्यात. उदाहरण मी देतो, लिहून घ्या. ‘आमच्या कारखान्याचा हिरवा उन्हापावसात उडत नाही.’ नाव टाकायला विसरू नका कारखान्याचं. वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं.”

साहेब भिंतीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर शनिवारच्या फोटोतलं हसू होतं. हा फोन त्यांनी ‘काळा’ला, ‘निळा’ला, ‘पिवळा’ला घेतला होता, आणि दर वेळी दोन दोन महिने कसा टोलवला होता हे मला माहीत आहे. ‘पांढरा’ला तर त्यांनी आजारपणाचं निमित्त काढलं होतं.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“कल्पना फारच चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातात असतं तर आजच टाकलं असतं. पण असे धोरणाचे निर्णय आता सुकाणू समिती घेते. तुम्हीच स्थापन केलीत ना! हो, अध्यक्ष आहेत, आताच आलेत. त्यांच्या फोनवर देते हं.”

त्यांनी एक बटण दाबलं. पलीकडच्या खोलीत, न खपलेल्या खंडांच्या मधोमध, नवाकोरा फोन खणखणू लागला.

“बाई,” साहेब म्हणाले, “हे बरोबर नाही.”

“का?”

“त्या फोनला काही अर्थ नाही. माझ्या हातात काही नाही, हे तुम्हाला माहितीय, मला माहितीय—”

“विश्वस्तांना कुठे माहितीय, साहेब? त्यांना टोपी दिसते.”

फोन वाजत होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी व्युत्पत्तीतला माणूस, मी खाली पाहिलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई ‘हंगाम’चं कार्ड वाचत होत्या.

“जा लवकर,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “वाजून वाजून थांबला की ते घरी लावतात. वहिनी उचलतील.”

साहेबांनी कप तिथेच ठेवला आणि मऊ चपलांनी शक्य होतं तेवढे धावले. कपाटांच्या पलीकडून तुकडे तुकडे ऐकू येऊ लागले. “हो... हो, मीच... हिरवा, हो... नाही, नाही, उडत नाही असं मी कुठे म्हणतोय... म्हणजे नसेलच उडत... पिवळ्याचं काय? पिवळ्याच्या वेळी मी... नाही, आजारी मी पांढऱ्याला होतो...”

जुळारी समितीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि ऐकू लागला. बाईंनी त्याला खूण करून दार जरा लोटून घ्यायला सांगितलं, पूर्ण नाही, अर्धंच. मग ‘हंगाम’खाली सही केली आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.